जयवंताबाईची झडती

सप्टेंबरात आमच्या शाळेला कुलूप जास्त आणि घंटा कमी. पोळा, तान्हा पोळा, हरतालिका, गणपती, महालक्ष्म्या. १९५८ साली दोन श्रावण आले, त्यामुळे पोळाच सप्टेंबरच्या मध्यावर गेला आणि सगळे सण एकमेकांच्या टाचेवर पाय देत आले. शाळा तपासायला वर्ध्याहून आलेले साहेब वैतागून म्हणाले, "मास्तर, या महिन्यात तुमची शाळा भरते तरी कधी?" आमचे हे, म्हणजे अच्युत मास्तर, अगदी गंभीरपणे म्हणाले, "दोन सणांच्या मधल्या सुट्टीत, साहेब." साहेबांना हसू आलं म्हणून निभावलं.

मी वर्ध्याची. वडील कचेरीत, भाऊ कॉलेजात, घरी नळाचं पाणी. लग्न होऊन अल्लीपूरच्या पुढे दीड कोस आत असलेल्या या गावात आले तेव्हा पहिले दोन महिने मी रडण्यात घालवले आणि तिसऱ्या महिन्यात जयवंताबाई भेटली. नंतर रडायला सवड मिळाली नाही. गावाचं नाव मी सांगत नाही, कारण तानबाचे नातू अजून तिथेच आहेत आणि ते आजोबांसारखेच तापट निघाले आहेत.

जयवंताबाई आमच्या शेजारची. नवरा रूपराव, दोन मुली लग्न होऊन गेलेल्या, आणि गोठ्यात चांद्या आणि खैऱ्या ही बैलजोडी. अंगानं काटक, रंगानं काळीसावळी, आणि आवाज असा की तिने घरातून हाक मारली तर वावरातला माणूस "ओ" देई. माहेर समुद्रपूरकडचं. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण तोंडात ओळी मात्र सतत. वावरात निंदायला, म्हणजे तण काढायला, बसली की यमकं जुळवायची. कापूस वेचता वेचता शेजारणीच्या सुनेवर, पाटलाच्या म्हशीवर, माझ्या पातळ वरणावरसुद्धा तिने ओळी रचल्या. माझ्या वरणाची ओळ इथे देत नाही. बायकांना ती अजून पाठ आहे, तेवढं पुरे.

आता झडतीचं सांगते, कारण आमच्या घाटावरच्या पाहुण्यांना ते ठाऊक नसतं. पोळ्याच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी सगळ्या गावाचे बैल सजून आखरावर, म्हणजे गावकुसाबाहेरच्या मोकळ्या जागेवर येतात. दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं. त्या तोरणाखाली उभं राहून खणखणीत आवाजात म्हणायच्या चार-सहा यमकी ओळी म्हणजे झडती. कधी नुसती गंमत, कधी टोमणा, कधी समोरच्याला सवाल. म्हणणारा शेवटी "हर बोला!" म्हणतो आणि लोक "हर हर महादेव!" असा गजर करतात. गजर झाला की झडती पावली. झाला नाही तर म्हणणाऱ्याने मुकाट्याने मागे सरायचं.

आमच्या गावात त्याला आणखी एक शेपूट होतं. मानाची जोडी बापूजी पाटलांची. तिने तोरण तोडलं की तिच्या मागे वरची आळी आधी की खालची, हे झडत्यांवर ठरे. एकाने सवाल करायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा. ज्या आळीला जवाब सुचला नाही ती आळी मागे. मागच्या आळीच्या बैलांनी पुढच्यांच्या खुरांनी झालेला चिखल तुडवत यायचं आणि माणसांनी वर्षभर टोमणे खायचे. चिखल परवडला.

वरच्या आळीचा तानबा झडतीचा जुना पटाईत. पण कित्येक वर्षं त्याला खालच्या आळीचा रूपराव भारी पडत होता. "रूपराव झडतीवाला" असंच त्याचं नाव पडलं होतं. अल्लीपूरच्या बाजारात लोक त्याला थांबवून चहा पाजत. आणि खरी गोष्ट अशी की त्या झडत्यांतलं एक अक्षर रूपरावाचं नव्हतं. सगळ्या जयवंताबाईच्या. तानबा काय काय सवाल करील हे ती आधीच ताडायची, प्रत्येकाचा जवाब रचून ठेवायची आणि आठ दिवस आधीपासून गोठ्यात नवऱ्याकडून घोकून घ्यायची. हे मला ठाऊक होतं, कारण आमच्या घराची नि त्यांच्या गोठ्याची भिंत एक. ओळ जमली की नाही हे ती आधी बैलांना विचारायची. "चांद्यानं कान हालवला का ओय पक्की समजा, मास्तरीनबाई," असं ती मला शपथेवर सांगे.

तिला याची खंत नव्हती. बाईने आखरावर तोंड उघडायचं नसतं, हे तिला आणि सगळ्यांनाच जन्मापासून माहीत. बायका लांब मारुतीच्या ओट्यावर उभ्या राहून बघत. नवऱ्याचं नाव होतंय तर होऊ दे, घरातच तर राहतंय, असा तिचा हिशेब. बिघडलं ते वेगळ्याच कारणाने. दुसऱ्याचं कौतुक माणसाने किती वर्षं अंगावर घालून फिरावं? फिरता फिरता रूपरावाला ते आपलंच वाटायला लागलं.

१९५८ सालचीच गोष्ट. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी. वर्षभर जू वाहून सुजलेल्या बैलांच्या खांद्यांना पळसाच्या पानाने तूप-हळद लावतात आणि त्यांच्या कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." जयवंताबाई खैऱ्याच्या खांद्याला तूप चोळत होती. मी वाटी धरून उभी होते. अंगणात रूपराव, आणि त्याला भेटायला अल्लीपूरहून आलेले दोन पाहुणे. पाहुण्यांनी विचारलं, "रूपरावजी, एवढं सुचते तरी कसं तुमाले?"

रूपराव मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "आता काय सांगू? मले झोपीत सुचते. सकाळी उठलो का झडती तयार."

जयवंताबाईचा हात खैऱ्याच्या खांद्यावर थांबला. मग ती हात धुऊन आत गेली. चहा केला, सुपारी दिली. पाहुणे गेल्यावर मात्र दारात उभी राहून म्हणाली, "झोपीत सुचते काय तुमाले?"

"लोकाइले काई तरी सांगा लागते, वं."

"मंग यंदा झोपून राहा. सुचन. मी काई देत नाई."

रूपराव आधी हसला. मग रागावला. मग म्हणाला, "तुयाबिगर मले येत नाई असं वाटते काय तुले? पाह्यच उद्या!" आणि तरातरा निघून गेला. त्याला खरंच वाटत होतं की येतं. मला त्याची दया आली आणि त्याहून जास्त चीड आली.

जयवंताबाई जमिनीवर बसली. डोळे भरले होते, पण आवाज तसाच ठणठणीत. "मले नाव नाई पाह्यजे, मास्तरीनबाई. गावानं त्याइले डोक्यावर घ्यावं. पन त्याइनं मले तरी एक डाव म्हनावं ना, का हे तुयं हाय. चार भिताडाच्या आत म्हनावं. तेवढंबी नाई."

मी वाटी खाली ठेवली आणि तिच्याजवळ बसले. तिने उरलेलं तूप चांद्याच्या खांद्याला लावलं, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि आवतण मात्र न चुकता दिलं. भांडण नवऱ्याशी होतं, बैलांशी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुरणाच्या वासाने गाव नुसतं घमघमत होतं. बैलांच्या शिंगांना हिंगूळ, वर बेगड, अंगावर झुली, गळ्यात घागरमाळा. जयवंताबाईने जोडी इतकी सजवली की चांद्या स्वतःलाच ओळखेना. रूपराव नवं धोतर नेसून, कासरा हातात घेऊन, तिच्याकडे न बघता निघाला. तिनेही त्याच्याकडे न बघता बैलांना वाट करून दिली. मी आणि ती मारुतीच्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिलो. तिथून तोरण हाकेच्या अंतरावर.

वाजंत्री थांबली. बापूजी पाटील पांढरं पागोटं सावरत मानाच्या जोडीजवळ उभे. तानबा पुढे आला. हा तानबा म्हणजे एक नमुना. झडती म्हणण्यात वाघ, पण वावरात कोणी त्याला वाकलेलं पाहिलं नव्हतं. त्याची सगळी शेती त्याची बायको धुरपता रेटायची, आणि हे दोन्ही आळ्यांना ठाऊक असूनही बोलायची चाल नव्हती. तो छाती काढून रूपरावासमोर उभा राहिला आणि म्हणाला,

"चार पायाचा तुडवते वाट,
दोन पायाचा मिरवते थाट;
राबते कोन अन् खाते कोन?
सांग रूपराव, धनी तो कोन?
हर बोला!"

वरची आळी दणकून ओरडली, "हर हर महादेव!" सवाल चांगला होता, तानबाचा असला तरी.

आता रूपराव. त्याने घसा साफ केला. पागोटं नीट केलं. "चार पायाचा..." म्हणाला आणि थांबला. पुन्हा म्हणाला, "चार पायाचा बैल हा भोळा..." आणि पुन्हा थांबला. वरच्या आळीत खसखस पिकली. कोणी तरी म्हणालं, "झोपा गा रूपरावजी, झोपीत सुचते तुमाले!" पाहुण्यांनी अल्लीपूरला जायच्या आधीच गावात ती गोष्ट पसरवली होती. हशा उठला. रूपरावाचा चेहरा घामाने डबडबला. खालच्या आळीचे लोक एकमेकांकडे बघू लागले. तानबाने कमरेवर हात ठेवले.

मी जयवंताबाईकडे पाहिलं. म्हटलं, आता हिला बरं वाटत असेल. करावं तसं भरावं. पण तिचा चेहरा पाहून मी ते मनातल्या मनात गिळलं. ती नवऱ्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. तिला जवाब केव्हाच सुचला होता. तो तिच्या तोंडात उभा होता आणि तोंड उघडायची सोय नव्हती.

मी हळूच म्हटलं, "म्हणा की."

"अवं, मी? आखरावर?"

"मग काय बैल म्हणतील?"

मला वाटतं, मी नसते बोलले तरी ती म्हणालीच असती. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, ओट्याच्या कडेशी आली, आणि घरातून वावरात पोहोचणारा तो आवाज सगळ्या आखरावर सोडला:

"चार पायाचा ओढते नांगर,
दोन हाताची निंदते वावर;
त्याले पोळा एक तरी दिस,
तिचा पोळा कुठी, हे पुस!
घाम गाळते त्याचंच सोनं,
तानबा, तुया घरी राबते कोन?
हर बोला!"

शेकडो डोकी एकदम ओट्याकडे वळली. आणि गजर झालाच नाही.

पुरुषांना कळेना काय करावं. खालच्या आळीला ओरडायचं होतं, पण बाईच्या झडतीवर ओरडायचं की नाही, हे त्यांच्या बापजाद्यांनी सांगून ठेवलं नव्हतं. घागरमाळा तेवढ्या वाजत होत्या. जयवंताबाई ओट्याच्या कडेवर एकटी उभी. गजर नाही म्हणजे झडती बुडाली, आळी हरली, आणि बाईने आखरावर तोंड उघडलं ते वर. शेवटी आपणच ओरडावं म्हणून मी श्वास घेतला, पण माझ्या आधी दुसरीच कोणी ओरडली.

"हर हर महादेव!"

आवाज ओट्याच्या दुसऱ्या टोकाकडून आला. तिथे वरच्या आळीच्या बायका उभ्या होत्या. ओरडणारी धुरपता होती, तानबाची बायको. हातात पूजेचं ताट, तळहातावर भेगा, आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. ती पुन्हा ओरडली. मग तिच्या शेजारची. मग सगळा ओटा, दोन्ही आळ्यांचा, एका गळ्याने. मग खालच्या आळीचे पुरुष. शेवटी वरच्या आळीचेसुद्धा, कारण एवढ्या गजरात गप्प राहणं माणसाला जमत नाही. आमचे हे तर हातातली छत्री उंच धरून ओरडत होते. शाळेत मुलांनी एवढा आवाज केला असता तर यांनी त्यांना बाकावर उभं केलं असतं.

गजर ओसरल्यावर तानबा लालबुंद होऊन म्हणाला, "पाटील, हे चालत नाई! बाईची झडती कुठी असते काय?"

बापूजी पाटलांनी शांतपणे विचारलं, "गजर झाला का नाई गा?"

"झाला, पन..."

"मंग झडती झाली. अन् पयला गजर तर तुयाच घरचा हाय. आता कोनाचं आयकू, तुयं का तुया घरचं?"

असा हशा झाला की बैल बुजले. तानबा तरीही मागे हटेना. म्हणाला, "मी सवाल रूपरावले केलता. जवाब त्यानं देल्ला नाई. झडतीवाला तो हाय, का त्याची बायको?"

हा मात्र नेमका वार होता. सगळे रूपरावाकडे बघू लागले. मीही. जयवंताबाईही. रूपरावाला "मीच तिले शिकवलं" असं म्हणता आलं असतं, आणि गावाने ते मानलंही असतं. त्याने खाली मान घालून कासरा हाताला गुंडाळला. मग मान वर करून, फाटलेल्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला:

"बायको. आजची झडती तिची. मांगच्या साऱ्या सालाच्याबी तिच्याच. मी नुसता भोंगा, बापाहो. फुंकनारी ते हाय."

जयवंताबाईने तोंडाला पदर लावला. चार भिंतींच्या आत तिने जे मागितलं होतं ते भर आखरावर मिळालं, आणि आता ते घ्यावं कसं हे तिला सुचेना. जन्मात पहिल्यांदा तिला ओळ सुचत नव्हती. मी तिच्या पाठीवर थाप मारली, ती बहुधा जरा जोरातच.

रूपराव बैल घेऊन ओट्यापाशी आला. कासरा तिच्यापुढे धरून म्हणाला, "घे. जवाब तुया, तं जोडी तू ने."

ती खाली उतरली. बापूजींच्या जोडीने तोरण तोडलं, वाजंत्री दणाणली, पोळा फुटला, बैल निघाले, आणि मानाच्या जोडीच्या मागे, खालच्या आळीच्या सगळ्या बैलांच्या पुढे, चांद्या आणि खैऱ्याचा कासरा धरून जयवंताबाई चालत गेली. पदर डोक्यावर होता, पण मान ताठ. बायका ओट्यावरून कुंकू उधळत होत्या. मी वर्ध्यात मोठमोठ्या मिरवणुका पाहिल्या आहेत, भाषणं ऐकली आहेत. माझं ऊर त्या दिवसासारखं कधी भरून आलं नाही.

पुढे तिची झडती दरवर्षी झाली. आसपासच्या गावांतून तिला बोलावणी यायची. अल्लीपूरला ती बैलगाडीत उभी राहून म्हणे आणि रूपराव गाडी हाकत असे. लोक त्याला अजून चहा पाजत. आता तो "झडतीवालीचा मालक" म्हणून चहा पिई आणि त्यातही मिशीवरून हात फिरवायचा. सवय जात नाही म्हणतात ते खोटं नाही. धुरपतानेही दुसऱ्या वर्षी एक झडती म्हटली. फार चांगली नव्हती. गजर मात्र सगळ्यात मोठा तिलाच झाला.

पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. तोरणाखालून निघालेले बैल मारुतीला नमस्कार करून आपापल्या दारी जातात. दारात घरची बाई उभी असते. ती त्यांच्या खुरांवर पाणी घालते, ओवाळते, पुरणपोळी भरवते. जयवंताबाई जोडी घेऊन आळीत शिरली आणि मध्येच थबकली. बाजूने चालणाऱ्या मला म्हणाली, "बापा! मी हे हाकून राह्यली, तं घरी बैल ओवाळन कोन?" एवढ्या वर्षांत ही वेळ कधी आलीच नव्हती. मी म्हटलं, चला, मी ओवाळते.

आम्ही दारापाशी पोहोचलो तर तिथे रूपराव उभा. गल्लीबोळातून धावत आधी येऊन पोहोचला होता. नव्या धोतराचा सोगा कमरेला खोचलेला, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात ताट, आणि ताटातला दिवा तिरपा. कुंकू कुठे असतं ते सापडलं नसावं, कारण ताटात नुसती हळद होती. सगळी आळी बघायला जमली. कोणी तरी फिसकन हसलं. त्याने लक्ष दिलं नाही. खाली बसून चांद्याच्या खुरांवर पाणी घातलं, मग खैऱ्याच्या. हळद लावली. ओवाळताना दिवा विझला, तो माझ्याकडून पुन्हा लावून घेतला.

मग तांब्यात उरलेलं पाणी त्याने जयवंताबाईच्या चिखलाने भरलेल्या पायांवर घातलं.

ती एकदम मागे सरली. "अवो बापा! माह्या पायावर काऊन? मी काय बैल हाओ?"

रूपराव उठला नाही. पायांवरचा चिखल हाताने पुसत खालच्या आवाजात म्हणाला, "उभी राह्य. आज तुया पोळा."